दोन गुडघ्यांची जागा

टाकीचं काम आलं की मी आधी गाडी बघत नाही, गाडीवाल्याचे पाय बघतो. बसल्यावर गुडघा कुठवर जातो, मांडी टाकीला टेकते की बाहेर फाकते, हे कळल्याशिवाय पत्र्याला कात्री लावायची नाही. कॅफे रेसरच्या टाकीला दोन्ही अंगांनी जे खोलगे असतात ते शोभेसाठी आलेले नाहीत. शर्यतीत स्वार टाकीवर पालथा पडायचा, गुडघे वाऱ्यातून आत घ्यायला त्याला जागा लागायची. 1950 पासून नॉर्टनच्या फेदरबेड चेसिसवर धावलेल्या शर्यतीच्या गाड्यांचे फोटो बघा. पुढे लंडनच्या एस कॅफेपाशी जमणाऱ्या पोरांनी त्याच चेसिसमध्ये ट्रायम्फचं इंजिन घालून ट्रायटन केली, ताशी शंभर मैलांची ईर्षा धरली, आणि शर्यतीची टाकी रस्त्यावर आली.

आमच्या मलकापुरात शंभर मैल, म्हणजे ताशी एकशे साठ किलोमीटर, कोणी गाठू नये. हंगामात कापसाने भरलेली ट्रॅक्टरं दिव्याविना हायवेला येतात. तरी खोलगा पाहिजे, आणि दोन्हीकडे सारखा पाहिजे. माझी सगळी उमर याच एका गोष्टीपाशी अडकून राहिली.

टाकीची डावी आणि उजवी बाजू कोणालाही एका वेळी पुरती दिसत नाही. वरून पाहिलं तर कड दिसते, खोली दिसत नाही. बाजूला बसून पाहिलं तर एकच अंग दिसतं आणि दुसऱ्याकडे जाईपर्यंत पहिलं डोळ्यांतून गेलेलं असतं. गिऱ्हाईक म्हणतं, मिस्त्री, कोण बघतंय? डोळ्यांना दिसत नसेल, पण शे-दीडशे किलोमीटर झाले की गुडघ्यांना कळतं. एक टेकून बसतो, दुसरा जागा शोधत राहतो.

फरक पडतो तो हातामुळे. मी उजव्या हाताचा माणूस. एका पत्र्यावर माझा घाव धारेकडून आत जातो, दुसऱ्यावर आतून धारेकडे येतो. पिशवी तीच, नळगंगेची वाळू चाळून भरलेली; मोगरी तीच; तरी पत्रा ओळखतो. सगळ्यांत वाईट जागा म्हणजे वरचा फुगलेला खांदा जिथे खोलग्यात उतरतो ती. तिथे पत्रा एका दिशेने ताणायचा आणि दुसऱ्या दिशेने आवळायचा असतो. जास्त ताणला तर तो डबडब वाजायला लागतो. मग गॅसच्या ज्योतीने रुपयाएवढा डाग लाल करा, कडेने ठोका, ओलं फडकं दाबा. ॲल्युमिनियम असेल तर साबण घासून तापवा आणि साबण काळा पडला की ज्योत हटवा. डेंटिंगवाल्याला हे सांगायला नको. पण आवळताना डावीकडे किती आवळलं आणि उजवीकडे किती, याचा हिशेब कोणाच्याच हातोडीत नसतो.

तो असतो तळहातात. पत्रा आणि हात यांच्यामध्ये मलमलीचं फडकं घ्यायचं, डोळे मिटायचे, दोन्ही हात दोन्ही खोलग्यांवर एकदम ठेवायचे आणि मागून पुढे, सावकाश, एका चालीने न्यायचे. घासलेल्या पत्र्याची चमक डोळ्याला चकवते. फडक्याखालचा हात चकत नाही. माझा हात त्यासाठी नावाजलेला होता. पुण्या-नाशिकची पोरं बुलेटची, येझदीची, राजदूत 350 ची टाकी घेऊन रेल्वेने इथे उतरायची. गिऱ्हाईक समोर उभं असलं की मी डोळे गरजेपेक्षा जास्त वेळ मिटलेले ठेवायचो. तो सगळा वेळ दुकानात कोणी बोलायचं नाही. मला ते फार आवडायचं. पुट्टी न भरता दिलेली टाकी रंगवू नका, नुसती क्लिअर मारा, असा हट्टही मी धरायचो. पत्र्यासाठी नाही, माझं काम उघडं दिसावं म्हणून.

दोन वर्षांपूर्वी एका येझदीच्या टाकीवर हात फिरवताना उजवीकडचा पत्रा मला सगळाच गुळगुळीत लागला. पत्रा इतका गुळगुळीत कधीच नसतो. तिथेच मी हात उचलला. अंगठा आणि शेजारची दोन बोटं रात्री बधिर व्हायची, ती आता दिवसाही झाली होती. डॉक्टर म्हणाले, मनगटात नस दबली आहे. वर्षानुवर्षं हातोडी धरणाऱ्यांना होतं. ऑपरेशनने पुढचं नुकसान थांबेल, गेलेलं किती परत येईल ते सांगता येणार नाही. ऑपरेशन केलं. हातोडीची पकड परत आली. बोटांतलं बारीक कळणं आलं नाही.

माझ्याकडे मोताळ्याकडचा एक पोरगा आहे, आयटीआय केलेला. त्या दिवशी मी त्याला फडकं दिलं आणि बघ म्हणालो. त्याने दोनदा हात फिरवला.

“काका, उजव्या अंगाले इथं बसलं हाये जरासं.”

“जरासं म्हणजे किती?”

“केसभर.”

आमची खरी अडचण इथून सुरू झाली. त्याचं केसभर आणि माझं केसभर एक नव्हतं. त्याने सांगायचं, मी घाव घालायचा, आणि घाव दर वेळी जास्त पडायचा. जे आजवर हातातून हाताला जात होतं ते तोंडातून कानाला जाऊ लागलं, आणि वाटेतच हरवू लागलं. मग आम्ही वर्तमानपत्राच्या कागदावर आलो. सपाट पट्टीवर एक पदर, दोन पदर, तीन पदर ठेवून त्याने बोटं फिरवायची आणि पत्र्याचा खळगा कितव्या पदराएवढा ते सांगायचं. “दोन पदर, धारेपासून तीन बोटं आत.” एवढं कळलं की माझा घाव बरोबर पडतो. तो पुठ्ठ्याचे फर्मेही कापतो, मोबाइलने टाकीचं मोजमाप घेऊन पडद्यावर डावी बाजू उलटून उजवीवर ठेवतो. फर्म्याला मी आता नाही म्हणत नाही. पण खोली कुठे चुकली तेवढंच फर्मा सांगतो. खांदा खोलग्यात सलग उतरला की मध्ये अडखळला, हे हातालाच विचारावं लागतं. यावरून आमचा वाद अजून चालू आहे.

या वादापेक्षा मला त्रास दुसऱ्याच गोष्टीचा होतो. आता कॅफे रेसर म्हणजे कुरियरने आलेली फायबरची टाकी, तपकिरी सीट, सायलेंसरला गुंडाळलेली पट्टी आणि हेडलाइटवर चिकटपट्टीची फुली. शर्यतीत गाडी पडली तर काच ट्रॅकवर सांडू नये म्हणून ती फुली लावत. फायबरला माझा मुळात विरोध नाही. रॉयल एनफिल्डच्या 1965 च्या काँटिनेंटल जीटीचीही टाकी फायबरचीच होती. पण आज पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि ते स्वस्त फायबरचं रेझिन मऊ करतं. टाकी फुगते, बोल्टावरून निघत नाही. स्प्लेंडरची चेसिस मागून कापून वळवलेला पाइप जोडणारे तर त्याहून वाईट. कंपनीने नोंदवलेल्या मूळ वर्णनाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये सांगितलं. त्याच्या कितीतरी आधीपासून मी चेसिसला आरी लावत नाही. मूळ टाकी आणि सीट नट-बोल्टने परत बसली पाहिजे. येझदीला फूटरेस्ट मागे घेऊन द्या म्हणणाऱ्याला मी परत पाठवतो, कारण तिची किक आणि गिअर एकाच दांडीवर आहेत. ती दांडी मागे नेली की किक मारणाऱ्या पायाला जागा उरत नाही.

कारखान्याच्या गाड्यांना मी नावं ठेवणार नाही. ट्रायम्फची थ्रक्स्टन 400 ही गाडी 2025 पासून आपल्या चाकणला बनते. मी ती हात लावून पाहिली, डाव्या हाताने. प्रेसमधून निघालेला पत्रा, कुठे खोट नाही. फक्त ती टाकी कोणा एकाच्या गुडघ्यांसाठी केलेली नाही. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले आपापल्या शहरात जमतात, तिथे आम्ही केलेली एखादी टाकी असते. तिच्यावर बसणाऱ्याची उंची, त्याचा लहानपणी मोडलेला डावा पाय, सगळं त्या पत्र्यात असतं. अशा मोडलेल्या पायाच्या माणसाला दोन्ही खोलगे सारखे करून चालत नाहीत. तिथे मुद्दाम फरक ठेवावा लागतो, आणि तो फरक ठेवायचा तर सारखं करता आलं पाहिजे.

यंदापासून टाकीची कामं पोरगा घेतो. हात त्याचा, घाव माझा, आणि खांद्याचा घावही तो हळूहळू घ्यायला लागला आहे. कोणाला टाकी घडवून घ्यायची असेल तर फोटो पाठवू नका. गाडी घेऊन स्वतः या, रोज घालता ते बूट घालून या. जुनी टाकी सोबत आणणार असाल तर पेट्रोल पूर्ण काढून, झाकण उघडं ठेवून आठवडाभर मोकळ्या हवेत ठेवा आणि मगच आणा. वाफ राहिलेल्या टाकीला आम्ही ज्योत लावणार नाही.