डर्बनचं नशीब, प्रिटोरियाचं नशीब

२७ जून २००९, शनिवार. प्रिटोरियातला सामना संपला आणि मी रिमोट सोफ्यावर आपटून म्हणालो, "नशीबच फुटकं आपलं!" दादा शेजारी पेपर वाचत बसला होता. त्याला रग्बीतलं फारसं कळत नाही, पण १९९७च्या दौऱ्याची कथा त्याने माझ्या तोंडून शंभरदा तरी ऐकलेली. पेपरातून मान वर न करता म्हणाला, "मग डर्बनला कुणाचं होतं रे?"

तेव्हा मी गप्प बसलो. आज उत्तर द्यायचा प्रयत्न करतो.

रग्बी न बघणाऱ्यांसाठी थोडक्यात. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड एरवी एकमेकांशी भांडतात, पण दर चार वर्षांनी एकत्र येऊन 'लायन्स' नावाचा संघ करतात. हा संघ दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड ह्यांच्या दौऱ्यावर आळीपाळीने जातो. म्हणजे एका देशाची पाळी बारा वर्षांनी! आणि मालिका साधारण तीन टेस्टची. ट्रायचे पाच गुण, ट्रायनंतरची किक गेली तर आणखी दोन, पेनल्टी आणि ड्रॉप गोलचे तीन-तीन. एवढं पुरे.

१९९७मध्ये दक्षिण आफ्रिका जगज्जेती होती. लायन्सनी केप टाऊनची पहिली टेस्ट २५-१६ जिंकली. २८ जूनला डर्बनला दुसरी. आफ्रिकेने तीन ट्राय केले, लायन्सनी एकही नाही. पण आफ्रिकेच्या तीन वेगवेगळ्या खेळाडूंनी मिळून गोलवर सहा किक्स मारल्या आणि सहाही हुकल्या. इकडे नील जेंकिन्सने पाच पेनल्टी मारल्या, पाचही आत. १५-१५ असताना जेरेमी गस्कॉटने ड्रॉप गोल टाकला. १८-१५, मालिका खिशात! शेवटची टेस्ट आफ्रिकेने ३५-१६ जिंकली, पण उपयोग काय?

आता गंमत बघा. तिन्ही टेस्टचे गुण मिळवले तर लायन्स ५९, आफ्रिका ६६. ट्राय तीन विरुद्ध नऊ. आणि जिंकलं कोण, तर लायन्स.

२००९मध्ये बरोबर उलटं. पहिली टेस्ट लायन्स २६-२१ने हरले. प्रिटोरियात १९-८ असे पुढे होते, मग एकेक करून महत्त्वाची माणसं जखमी होऊन बाहेर गेली. शेवटी २५-२५. बरोबरी झाली तर मालिका जिंकायची आशा संपणार, म्हणून रोनन ओ'गाराने बॉल बाहेर न मारता उंच उडवला, त्याच्यामागे धावला आणि हवेत असलेल्या फूरी दु प्रीला धडकला. पेनल्टी. मॉर्ने स्टेनने ती स्वतःच्या अर्ध्या मैदानातून मारली. २८-२५. तिसरी टेस्ट लायन्सनी २८-९ जिंकली. एकूण गुण लायन्स ७४, आफ्रिका ६३. मालिका आफ्रिकेची.

म्हणजे दादाचा प्रश्न रास्तच. डर्बन म्हणजे जिद्द आणि प्रिटोरिया म्हणजे फुटकं नशीब, असा हिशोब मी बारा वर्षं कसा काय मांडला?

तरी सगळंच नशीब म्हणवत नाही. जेंकिन्स मूळचा दहा नंबरचा खेळाडू. केवळ त्याच्या किकसाठी प्रशिक्षक इयन मॅकगीखनने त्याला फुलबॅकला उभा केला, आणि त्यावर टीका होणार हे माहीत असून केला. आफ्रिकेकडे त्या दिवशी भरवशाचा किकर नव्हता. सहा किक्स हुकणं हे नशीब. पण नशिबावर भिस्त ठेवायची वेळ का आली, ते निवड समितीच्या बैठकीत ठरलं होतं. स्टेनचंही तेच. प्रिटोरियाचं मैदान त्याच्या घरचं, तिथली हवा विरळ, आणि लांबची किक हा त्याचा हातखंडा.

पण ह्याहून पुढे जाऊन "तयारी करणाऱ्यालाच नशीब साथ देतं" वगैरे म्हणणं मला पटत नाही. ओ'गाराची तयारी कमी होती का? त्याच वर्षी मार्चमध्ये त्याच्याच ड्रॉप गोलवर आयर्लंडने ६१ वर्षांनी ग्रँड स्लॅम जिंकलं होतं. त्यानंतरची वेल्सच्या स्टीफन जोन्सची शेवटची लांब किक जेमतेम खाली पडली म्हणून तो नायक. तीन महिन्यांनी दुसऱ्याची लांब किक आत गेली म्हणून तो खलनायक. माणूस तोच.

वीस-पंचवीस सामन्यांच्या लीगमध्ये असं इकडचं तिकडचं बरंचसं फिटतं. तीन टेस्टमध्ये फिटायला जागाच नसते, आणि पुढची पाळी येईपर्यंत बहुतेकांचे बूट खुंटीला लागलेले असतात. डर्बनला हुकलेल्या तिघांपैकी पर्सी माँटगोमेरीची ती पदार्पणाची टेस्ट होती. पुढे तो आफ्रिकेचा सर्वाधिक गुण मिळवणारा खेळाडू झाला, २००७चा विश्वचषकही जिंकला. पण ती एक संध्याकाळ काही त्याला परत मिळाली नाही.

स्टेनला मात्र मिळाली. ७ ऑगस्ट २०२१, केप टाऊन, तिसरी टेस्ट, १६-१६. २०१६नंतर एकही टेस्ट न खेळलेला ३७ वर्षांचा स्टेन बदली म्हणून आला आणि शेवटच्या मिनिटांत त्याने पेनल्टी मारली. १९-१६. पुन्हा तोच, पुन्हा आम्ही हरलो. पाच मिनिटांत दादाचा फोन.

"काय रे, फुटकं का नशीब?"

"नाही दादा," म्हटलं, "चांगली मारली त्याने."

"आणि डर्बन?"

"डर्बनला आमचं नशीब होतं."

चोवीस वर्षं लागली एवढं म्हणायला. म्हटल्यावर जिंकल्याचा आनंद काही कमी झाला नाही, हे मात्र खरं. फक्त आता ती कथा सांगताना त्या सहा किक्स आधी सांगतो.