बोटीवरच्या ट्रंकेतला आयव्ही पोशाख

आयव्ही पोशाख घडला तो अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील प्रिन्स्टन, येल, हार्वर्ड या विद्यापीठांत, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. मऊ खांद्यांचा, कंबरेत न आवळलेला कोट, टोकांना गुंड्या असलेली कॉलर आणि खाकी सुती पँट ही त्याची ओळख. १९६५ साली जपानमध्ये ‘टेक आयव्ही’ हे छायाचित्रांचे पुस्तक निघाले आणि अमेरिकेत पुढे ओसरलेल्या या पद्धतीला तिकडे दीर्घायुष्य लाभले. तिचा उन्हाळी भाग मात्र बराचसा हिंदुस्थानातून गेलेला आहे. खाकी एकोणिसाव्या शतकात येथील इंग्रजी पलटणींनी रूढ केली, चौकडा मद्रासच्या हातमागांवरून गेला, आणि सीअरसकर नावाचे चुणीदार कापडही याच वाटेने अमेरिकेत पोचले.

हा उन्हाळी पोशाख कोकणात, मालवणजवळच्या देवबागला घालायचा तर आधी तिथली हवा पाहावी. देवबाग म्हणजे समुद्र आणि कर्ली नदी यांच्यामधली चिंचोळी पट्टी. उन्हापेक्षा इथला दमटपणा अधिक छळतो, घाम वाळतच नाही. अशा हवेत कापड नुसते पातळ असून भागत नाही, ते अंगाला चिकटता कामा नये. सीअरसकरमध्ये काही उभे धागे ताणून आणि काही सैल सोडून विणतात. त्यामुळे पट्ट्यापट्ट्याने चुण्या पडतात, कापड त्वचेपासून उचललेले राहते आणि खालून वारा खेळतो. इस्त्री लागत नाही हा वरचा फायदा.

असे जुने कपडे देवबागला मिळण्याची जागा दुकान नव्हे, घर. या किनाऱ्यावरच्या अनेक घरांतली माणसे पूर्वी बोटीवर नोकरीला असत, काही मुंबईच्या गिरण्यांत. प्रस्तुत लेखकाच्या आजोळच्या माळ्यावर बोटीवरून परतलेल्या मामांची पत्र्याची ट्रंक होती. तीत निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा सीअरसकरचा कोट, मद्रास चौकड्याचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि टेरिलिनचे बुशशर्ट निघाले. मामी जपून ठेवायला सांगत होत्या ते टेरिलिन, कारण त्या काळी महाग तेच होते. लेखकाने नेमके उलट केले, सुती तेवढे ठेवले. कापड ओळखायला शिवणीतला एकेक धागा काढून पेटवल्यावर टेरिलिन वितळून कडक मणी झाला. सुती धागा कागदासारखा जळून राख उरली. ही खूण कोणत्याही लेबलापेक्षा भरवशाची. कोट आतून उलटून पाहणेही तितकेच जरूर. हा कोट खांदे आणि बाह्या सोडता बिनअस्तराचा होता. पूर्ण अस्तर, तेही पॉलिस्टरचे, असेल तर वरचे कापड कितीही हवेशीर असो, देवबागला तो कोट घालवत नाही.

मद्रास चौकड्याचा रंग जातो. १९५८ साली विल्यम जेकबसन या अमेरिकी व्यापाऱ्याने सी. पी. कृष्णन नायर (पुढे लीला हॉटेले उभारणारे) यांच्याकडून असे कापड नेले. ब्रुक्स ब्रदर्सने त्याचे कपडे विकले, रंग धुपू लागले, तक्रारी आल्या. मग जाहिरातीने त्या दोषाचाच गुण करून विकला. विक्रीकलेचा इतका निगरगट्ट नमुना क्वचित सापडेल. शर्ट मात्र खरोखरच धुण्यागणिक देखणा होतो. तो वेगळा, थंड पाण्यात, रिठ्याने धुवावा आणि सावलीत वाळवावा.

ट्रंकेच्या बिजागरीचे गंजाचे डाग लिंबू-मीठ चोळून कोटावरून फिके झाले, पुरते गेले नाहीत. शर्टाची विरलेली कॉलर मालवणच्या शिंप्याने उसवून पलटून दिली. कोट कंबरेत घेण्याचा त्याचा आग्रह मात्र मोडून काढावा लागला. तो सैलपणाच या कोटाचा जीव आहे, आणि उकाड्यात सोयही.

घालताना नक्षी एकच ठेवावी. चौकड्याच्या शर्टाखाली साधी खाकी पँट, घोट्याच्या वर थांबणारी, म्हणजे वाळूत लोळत नाही. पट्ट्यांच्या कोटाखाली पांढरा पॉपलिन, टाय नको. पेनी लोफर हे आयव्हीचे मानाचे जोडे, पण खारी हवा चामड्याला सोसत नाही. त्यांच्या जागी कॅनव्हासचे बूट चांगले, आणि कोल्हापुरी वहाणही खाकीखाली मुळीच विजोड दिसत नाही. कोट डिसेंबर-जानेवारीच्या संध्याकाळी, लग्नाला किंवा जत्रेतल्या दशावताराला. एरवी शर्ट पुरे. किनाऱ्यावर रापणीचे जाळे ओढणाऱ्यांच्या चौकड्याच्या लुंगीशेजारी तो परका वाटत नाही, ही या पोशाखाची इथली खरी परीक्षा.

पावसाळ्यापूर्वी सारे धुवून, खळ पूर्ण काढून ठेवावे. खळीवर कसर येते आणि दमट हवेत बुरशी धरते. लोखंडी ट्रंकेपेक्षा लाकडी कपाट बरे, तेही भिंतीपासून सुटे. घड्यांत कडुनिंबाचा वाळलेला पाला घालावा. डांबराच्या गोळ्यांचा वास सुती कापडातून महिनोन् महिने जात नाही. जून ते सप्टेंबर कधी उघडीप मिळालीच, तर कपडे बाहेर काढून वाऱ्यावर टाकावेत आणि घड्या मोडून नव्या ठिकाणी घालाव्यात, नाहीतर कापड घडीवरच विरते.