गाण्याची पातळी आणि गाण्याचे बळ

वर्धा जिल्ह्यातील वडनेर हे नागपूर-हैदराबाद हमरस्त्यावरचे माझे गाव. आणि ज्या कानांच्या भरवशावर मी आज ध्वनिमुद्रणाच्या अखेरच्या संस्काराचा, म्हणजे मास्टरिंगचा, व्यवसाय करतो, ते कान घडले विदर्भाच्या खेडोपाडी रुजलेल्या, गुरुकुंज मोझरीच्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनावर. खंजिरीवर अकस्मात पडणारी थाप, तिच्या मागोमाग विरत जाणारा झांजांचा नाद आणि त्या विरामातून वर येणारा शब्द, या तिहींच्या उच्चनीचतेत त्या भजनाचे सारे सामर्थ्य साठविलेले आहे, हे ज्याने ते जवळून ऐकले आहे त्याला सांगावयास नको.

गायन-वादनाचे मिश्रण सिद्ध झाल्यावर खर्ज आणि तार यांचा तोल तपासणे, एका गाण्याची पातळी दुसऱ्याशी जुळविणे आणि झालेला फेरफार श्रोत्याच्या ध्यानातही येऊ न देणे, एवढीच या कामाची मूळ तजवीज. तबकडीच्या काळी अतिरेकाला आपोआप आळा बसत असे. कारण आवाज जितका मोठा तितकी खाच रुंद आणि खाच जितकी रुंद तितका गाण्याचा अवधी कमी. १९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कने ही अडचण दूर केली आणि सुमारे ९६ डेसिबलांचा अवकाश खुला करून दिला. परंतु १९९०च्या दशकात ध्वनीची टोके दाबणारा संगणकीय लिमिटर हाती येताच या विस्तीर्ण अवकाशातील वरच्या मोजक्या डेसिबलांतच सगळे संगीत कोंबण्याचा शिरस्ता पडला.

याचे कारण मनुष्याच्या श्रवणेंद्रियात आहे. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ साली दाखवून दिले की, आवाज लहान असता कानाला खर्ज फार कमी जाणवतो आणि आवाज वाढला की तो भरून येतो. साहजिकच एकाच गाण्याच्या दोन प्रतींपैकी किंचित मोठी प्रत अधिक सरस वाटते, आणि शेजारच्या गाण्यापेक्षा आपले गाणे मोठे असावे असा प्रत्येक निर्मात्याचा आग्रह सुरू होतो.

या आग्रहापायी काय घडते ते खंजिरीच्याच मुद्रणात पाहावे. थापेचे टोक केवळ काही मिलिसेकंदांचे असते. डिजिटल मुद्रणाची कमाल मर्यादा ओलांडण्यास मुभा नसल्याने लिमिटर ते टोक दाबतो आणि मग सर्वच ध्वनी सहा डेसिबलांनी वर उचलता येतो. परिणामी झांजांचा विरता नाद, गायकाचा श्वास आणि पाठीमागच्या मंडळींची कुजबुज पुढे सरसावते, थाप मात्र त्यांच्याच पंक्तीत जाऊन बसते. लहानमोठा असा भेदच न उरल्यामुळे चार-सहा गाण्यांत कान शिणतात.

हे रसिकांच्याही ध्यानी येते. मेटालिका या अमेरिकन वाद्यवृंदाचा ‘डेथ मॅग्नेटिक’ हा संग्रह २००८ साली निघाला, तेव्हा तीच गाणी ‘गिटार हीरो’ या व्हिडिओ गेममध्ये कमी दाबलेली आणि म्हणून अधिक जिवंत असल्याचे रसिकांनी ओळखले आणि उघड तक्रार केली.

आता तर या चढाओढीचे प्रयोजनच संपले आहे. कानाला जाणवणारी पातळी मोजण्याचे आंतरराष्ट्रीय प्रमाण २००६ साली ठरले आणि त्या मापाने स्पॉटिफायसारखी सेवा प्रत्येक गाणे उणे १४ एलयूएफएसच्या (हे त्या मापाचे एकक) आसपास आणून ऐकविते. उणे ८ पर्यंत चढविलेले गाणे तेथे सहा डेसिबलांनी उतरविले जाते. पातळीचा लाभ हातचा जातो आणि चिरडलेली थाप काही परत येत नाही. असे असूनही ‘अजून थोडा आवाज वाढवा’ ही फर्माईश माझ्या दारी नित्य येते, आणि ती पुरी करताना मला मनापासून क्लेश होतात.

म्हणून गायकांना आणि निर्मात्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, मास्टरिंगच्या दोन प्रतींतून निवड करण्यापूर्वी त्यांनी दोहोंची पातळी कानाला समान वाटेल अशी करून घ्यावी, दोन्ही अथपासून इतिपर्यंत ऐकाव्यात आणि मगच आपला कौल द्यावा.