सोमवारचे बैल

हिंगणा एमआयडीसीत माझं छोटं शेड आहे. दोन लेथ, एक ड्रिल, चार माणसं. शनिवारी संध्याकाळी पार्टीचा फोन येणार आणि सोमवारी सकाळी माल हवा म्हणणार, हे ठरलेलं. मग पोरं रविवारी ओव्हरटाइमला यायची आणि मी लोकमान्य नगरहून मेट्रो धरून चर्चला जायचो. आपण प्रभूचा दिवस पाळतो, याचं मला बरंच समाधान होतं.

एका रविवारी ऐन उपदेशात खिशातला मोबाइल थरथरू लागला. दोनदा कापला. तिसऱ्यांदा उठून व्हरांड्यात गेलो. "साहेब, टूल तुटलं. दुसरं कपाटात हाय अन् चावी तुमच्यापाशी." चावी खरंच माझ्या खिशात होती. प्रभुभोजनाला न थांबता निघालो.

फोन करणारा पोरगा जवळच्याच खेड्यातला, बाप शेतकरी. त्याचा हा सलग तिसरा रविवार. टूल बसवून झाल्यावर मी म्हटलं, उद्या जरा लवकर ये. तो चिंधीनं हातावरचं ऑइल पुसत हसला. "आमचे बाबा सोमवारी बैल नाई जुपत, साहेब. महादेवाचा वार. बैलाले सुट्टी हाय, मले नाई."

रागानं बोलला असता तर मीही चढ्या आवाजात काही बोललो असतो. हसून बोलला, म्हणून लागलं.

रात्री बायबल काढलं. संडे स्कूलमध्ये पाठ केलेली शब्बाथाची आज्ञा. पण इतकी वर्षं त्यात मला मीच तेवढा दिसत होतो. निर्गमात शब्बाथाचं कारण सृष्टीची निर्मिती आहे. अनुवादाच्या पुस्तकात मात्र कारण वेगळं: तुम्ही मिसरात गुलाम होतात, ते विसरू नका. म्हणून चाकर, दासी, बैल, गाढव, दारी आलेला परका, सगळ्यांना विसावा. शनिवार की रविवार यावर आपल्यात तावातावानं वाद होतात. कोकणातले बेने इस्राएल शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले. आपण येशूच्या पुनरुत्थानाचा म्हणून रविवार धरला. पण वार कुठलाही धरा, घाण्याचा बैल सुटला की नाही?

आणि गिरणी कामगारांना रविवार मिळवून दिला तो कुठल्या पाळकानं नव्हे, कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांनी. १८८४ साली मागणी केली, १८९० च्या जूनमध्ये मालकांनी मानली. रविवार खंडोबाचा वार, हेही त्यामागं होतं असं सांगतात. त्या गिरण्यांचे मालक माझ्यापेक्षा फार वाईट असतील असं आता वाटत नाही.

रविवारी शेड बंद केलं. एका पार्टीनं काम अर्ध्यावर आणलं. ते अजून भरून निघालेलं नाही. पहिल्या रविवारी चर्चहून येताना उगाच शेडवर चक्कर मारली, कुलूप ओढून पाहिलं. पोरगा त्या दिवशी काय करत होता, ते मी विचारलं नाही.

घरी मोठ्या उत्साहात बायकोला आज्ञेतली यादी वाचून दाखवली. ती रविवारच्या मटणाचा कांदा चिरत होती. मुलगा, मुलगी, चाकर, दासी, गुरंढोरं, परका. तिनं डोळे पुसत विचारलं, "यात बायको कुठं आहे?"

पुन्हा वाचलं. नाही.

आता रविवारी भात मी टाकतो. अजून गिचका होतो.