तीन बोटं

बीडीएस करतेय असं सांगितलं की समोरचा माणूस क्षणभर थांबतो आणि मग आवाज खाली आणून विचारतो, "काहून बाई, एमबीबीएस नाही भेटलं का?" नात्यातल्या लग्नांमध्ये हा प्रश्न इतक्यांदा विचारून झालाय की आता मी हसून "नाही भेटलं" म्हणते आणि मोकळी होते. खरं म्हणजे 'नीट'नंतर पसंतीक्रम भरताना मी एमबीबीएसच्या एकाही कॉलेजचं नाव टाकलं नव्हतं. पण पंगतीत पानावर बसून हे कुणाला समजावणार? आणि समजवायचंच तर आमच्या पानठेल्यापासून सुरुवात करावी लागेल. म्हणून आज इथे लिहूनच टाकते.

आमचं गाव कोहमारा. नागपूरकडून आलात तर सरळ रस्ता देवरीवरून छत्तीसगडात जातो, डावीकडे गोंदिया, उजवीकडे नवेगावबांध. म्हणजे गाव काय, चौकच. रात्री दोनलाही इथे ट्रकवाले चहा पीत असतात. या चौकात बाबांचा पानठेला आहे, माझ्या जन्माच्याही आधीपासून. पान आता फारसं कुणी खात नाही. चालतो तो खर्रा.

पुण्या-मुंबईच्या मंडळींना खर्रा माहीत नसेल, तर सांगते. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना पन्नीत घालायचा आणि तळहाताखाली घोट घोट घोटायचा. गिऱ्हाईक समोर उभं राहून बघत असतं. राज्यात २०१२ साली गुटखाबंदी झाली, पण हा माल कुठल्या कारखान्यातून येत नाही, डोळ्यांसमोर ताजा बनतो. आमच्याकडे रोवणीला मजूर लावले की मजुरीबरोबर खर्राही द्यावा लागतो, नाहीतर दुसऱ्या दिवशी बाया दुसऱ्याच्या बांधीत! लहानपणी तो घोटण्याचा कचकच आवाज ऐकतच मी ठेल्याच्या मागे बसून अभ्यास केलाय. माझ्या शाळेची, क्लासची, होस्टेलची फी त्यातूनच आली. हे लिहायला थोडं जड जातंय, पण ते आधी सांगितल्याशिवाय पुढचं सांगणं बरोबर नाही.

मोठे बाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, रोज संध्याकाळी ठेल्यावर बसायचे. त्यांची शिट्टी गावात प्रसिद्ध होती. दोन बोटंसुद्धा लागत नसत, नुसत्या ओठांनी. तलावाच्या पाळीवर उभं राहून वाजवली की पलीकडची म्हैस वळायची. (आम्हा पोरांनाही तीच शिट्टी, वेगळी नव्हती!)

मी सातवी-आठवीत असताना ती शिट्टी बंद झाली. कुणाच्या लक्षातही आलं नाही. आधी त्यांना तिखट लागेनासं झालं. मोठीआई त्यांच्यापुरती बिनमिरचीची भाजी काढून ठेवायची. "पित्त वाढलं" असं घरात ठरलं. मग तोंड आलंय म्हणून गोळ्या झाल्या. मग ते पोळीचे अगदी बारके तुकडे करून खायला लागले, भाताचा घास चपटा करून आत सरकवायला लागले. वय झालं, दुसरं काय. तेव्हा त्यांचं वय होतं शेहेचाळीस!

मी नववीत असताना शाळेत दंततपासणीचं शिबिर आलं. आमची तपासणी संपल्यावर गावातल्या मोठ्या माणसांनाही बोलावलं. मोठे बाबा दाढ दुखते म्हणून गेले होते. तिथल्या ताईने त्यांना म्हटलं, "काका, स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात घालून दाखवा." वाचता वाचता तुम्हीही करून बघा. वरच्या नि खालच्या दातांमध्ये आपलीच तीन बोटं सहज बसायला हवीत. मोठे बाबांचं एक गेलं, दुसरं अडकलं. ते लाजल्यासारखे हसले. ती ताई मात्र हसली नाही. तिने गालाच्या आत बोट फिरवलं आणि बाजूच्या मुलाला कागदावर काहीतरी लिहायला सांगितलं. दाढ तर राहिलीच, आधी नागपूरला जा म्हणाली.

जे आम्ही घरातल्या सात माणसांनी दोन वर्षं रोज ताटावर बघितलं, ते तिला दोन मिनिटांत दिसलं. मला डॉक्टर व्हायचं असेल तर असं व्हायचंय, हे तेव्हा ठरलं. बाकी 'गरिबांची सेवा' वगैरे माझ्या डोक्यात नव्हतं, उगाच कशाला सांगू.

आता मी नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात आहे. १९६८ सालचं कॉलेज. बीडीएस म्हणजे चार वर्षं अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप. पहिल्या वर्षी मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरायला लावतात. माझी पहिली दाढ बटाट्यासारखी झाली होती :) पण पुढे ओपीडीत बसायला लागले आणि मोठे बाबा रोज भेटायला लागले. फरक इतकाच की हे मोठे बाबा वीस-बावीस वर्षांचे असतात. येतात ते दाढ दुखते म्हणून, आणि तोंड इतकं कमी उघडतं की दाढेपर्यंत हत्यारच पोचत नाही.

या आजाराला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. हे नाव १९५३ साली डॉ. एस. जी. जोशी यांनी दिलं, म्हणजे आपल्याच एका मराठी आडनावाच्या डॉक्टरांनी, याचं मला उगाचच बरं वाटलं होतं. गालाच्या आतली मऊ कातडी पांढुरकी पडते, तिच्याखाली दोरखंडासारखे पट्टे तयार होतात आणि जबडा आतून आवळला जातो. आणि यात मुख्य गुन्हेगार तंबाखू नाही, सुपारी आहे! हे कळलं तेव्हा मी पुस्तक मिटून बसले होते. कारण आमच्या ठेल्यावर बायका नि पोरं येऊन म्हणतात, "तंबाखू कमी टाका, सुपारी जास्त." त्यांना वाटतं, आपण जपून खातोय. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरवलंय. केरळात अशा ६६ रुग्णांवर १७ वर्षं लक्ष ठेवलं, त्यातल्या पाच जणांना तोंडाचा कर्करोग झाला. २०१६-१७ च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले, त्यातले बहुतेक धूर न काढणारे, म्हणजे चघळणारेच.

हे सगळं मी सुटीत बाबांना सांगितलं. ते घोटता घोटता ऐकत होते. म्हणाले, "मी नाही विकलो तं बाजूवाला विकन. अन् तुही फी?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. ठेल्याच्या जागी दुसरं काय टाकता येईल याचा हिशोब आम्ही दोघांनी एका वहीत मांडलाय. चहा-नाश्त्याचे आकडे बरे दिसतात, पण खर्ऱ्याइतके नाही. शाळेतल्या पोरांना मात्र बाबा आता देत नाहीत. अठराच्या आतल्याला विकायचं नाही हा कायदा २००३ पासून आहे म्हणा, पण चौकात कायदा कोण विचारतो?

मोठे बाबांनी खर्रा सोडलाय. मध्ये दोनदा परत धरला होता, ते मोठीआईलाच माहीत. जे आखडलंय ते पूर्ण सुटत नाही, पण ते रोज सकाळी अंगणात बसून व्यायाम करतात. आइसक्रीमच्या काड्यांसारख्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दातांत धरायच्या आणि हळूहळू संख्या वाढवायची. सुरुवात नऊ काड्यांपासून झाली, सध्या तेरा. चौदावीसाठी रोज भांडण असतं.

पुढच्या महिन्यात माझी ओरल मेडिसिनची पोस्टिंग सुरू होतेय आणि मोठे बाबांच्या तपासणीची तारीख त्याच आठवड्यात आहे. परवा फोनवर बाबा म्हणाले, "भाऊले मीच घेऊन येतो. ठेला दिवसभर बंद ठेवतो." नंतर थोडं थांबून विचारलं, "माहे बी पाहून देशील का तोंड?"