नगरची जुनी ख्रिस्ती मंडळी

भूमहून नगरास जावयाचें तर खर्डा व जामखेड या वाटेनें जावें लागतें. खर्डा म्हटलें कीं १७९५ सालची मराठे व निजाम यांची लढाई आठवते, आणि बहुतेक प्रवासी किल्ल्याकडे बोट दाखवून पुढें जातात. १९४८ पर्यंत भूम मोगलाईंत व नगर इंग्रजी अंमलांत होतें. त्यामुळें नगरचें अमेरिकन मिशन म्हणजे बाटविण्याचें ठिकाण, याहून अधिक माहिती आमच्या भागांतील वडील माणसांस क्वचितच असे. आम्हीं या खेपेस त्या मंडळीचा पूर्ववृत्तान्त थोडा खोलांत जाऊन पाहिला. (नगराचें नांव २०२४ पासून अहिल्यानगर झालें आहे; जुन्या गोष्टी सांगतांना जुनेंच नांव ठेवणें सोयीचें.)

'मंडळी' हा शब्द आम्हीं मुद्दाम योजिला आहे. मराठी ख्रिस्ती लोक चर्चला मंडळी म्हणतात, आणि या पंथाचें मर्म त्यांत चांगलें उतरलें आहे. हे मिशनरी काँग्रिगेशनल मताचे. त्यांच्या मतें देऊळ म्हणजे चर्च नव्हे. एकत्र जमून उपासना करणारीं माणसें हेंच चर्च. वर बिशप नाहीं. आपला पाळक मंडळीनें आपणच निवडावयाचा. इमारत बदलली, गांव बदललें, तरी मंडळी तीच.

मूळ वृत्तान्त मुंबईंतला आहे. १२ फेब्रुवारी १८१३ रोजीं गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे दोघे मुंबईस उतरले. कंपनी सरकारला ते नको होते. परत जाण्याचे हुकूम सुटले. परंतु गव्हर्नर नेपियन यांनीं दिरंगाई केली, त्याच वर्षीं कंपनीची सनद नवी झाली, आणि हे लोक टिकले. १८१६ सालीं त्यांनीं छापखाना घातला. तेथील काम पाहून गणपत कृष्णाजींनीं स्वतःचें यंत्र उभारिलें आणि १८३१ सालीं पंचांग छापिलें. म्हणजे आपल्या घरोघरच्या छापील पंचांगाचा धागा या मिशनच्या छापखान्याशीं जोडलेला आहे! १८२३ सालीं भेंडीबाजारांत त्यांचें पहिलें उपासनामंदिर झालें. पुढें मुंबईची मंडळी भायखळ्याकडे गेली. तेथील मंदिरास ह्यूम यांचें नांव आहे.

गॉर्डन हॉल मात्र फार जगले नाहींत. १८२६ च्या मार्चांत नाशिक-त्र्यंबकच्या बाजूस पटकीची साथ होती. जवळचीं औषधें वांटून ते परत फिरले, आणि वाटेंत त्याच रोगानें एका देवळाच्या ओसरीवर त्यांचा अंत झाला. ज्या मूर्तिपूजेविरुद्ध आयुष्यभर बोलले, तिच्याच ओसरीनें त्यांस शेवटचा आसरा दिला.

नगरास मिशन आलें तें १८३१ च्या डिसेंबरांत. बरोबर बाबाजी रघुनाथ हे ब्राह्मण ख्रिस्ती होते. पुढच्याच वर्षीं हर्व्ही पटकीनें वारले, १८३३ सालीं बाबाजीही गेले. पण त्याच सालीं मंडळी स्थापन झाली. आरंभींच्या सभासदांत आंधळे, पांगळे, निराधार असे पुष्कळ होते. या माणसांना आपल्या पंक्तींत जागा नव्हती, हें कबूल केलें पाहिजे.

पुढें १८४२ सालीं येथूनच 'ज्ञानोदय' निघाला. येथील मिस फरार यांची मुलींची शाळा जोतीराव फुल्यांनीं पाहिली, आणि १८४८ सालीं पुण्यांत स्वतःची शाळा काढिली. १८५४ सालीं हरिपंत खिस्ती व रामकृष्णपंत मोडक या दोघां ब्राह्मणांस पाळकपदाची दीक्षा मिळाली.

एकेका दीक्षेमागें एकेक घर फुटत होतें, हें विसरून चालणार नाहीं. १८९५ सालीं नारायण वामन टिळकांनीं मुंबईंत बाप्तिस्मा घेतला, तेव्हां लक्ष्मीबाईंच्या वाट्यास आलेला वियोग 'स्मृतिचित्रें' वाचणाऱ्यांस सांगावयास नको. लक्ष्मीबाईंनीं पुढें १९०० सालीं स्वतः दीक्षा घेतली. परंतु त्यांत गेलेल्या पांच वर्षांची भरपाई कोणीं केली? आम्हांस धर्मांतर रुचत नाहीं. तरी घर फोडण्याचा दोष सर्वस्वी परक्यांवर टाकणें न्यायाचें होणार नाहीं. दीक्षितास सुतक धरून दार लावणारे हात आपलेच होते.

आणखी एक गोष्ट आम्हांस विशेष वाटली. १८६२ सालीं कृष्णराव सांगळे यांनीं नगरास ख्रिस्ती कीर्तन सुरू केलें. पूर्वरंग, उत्तररंग, टाळमृदंग सर्व आपलें. आख्यान तेवढें येशूचें! टिळकांनीं पुढें हाच मार्ग अधिक रसाळ केला. नारदांच्या गादीस अशी शाखा फुटेल असें आपल्या हरिदासांपैकीं कोणाच्या स्वप्नींही आलें नसेल.

२९ नोव्हेंबर १९७० रोजीं नागपुरास उत्तर भारताचें संयुक्त चर्च स्थापन झालें, आणि या परंपरेंतील पुष्कळ मंडळ्या त्यांत सामील झाल्या. त्या चर्चमध्यें बिशप आहेत. ज्यांच्या पूर्वजांनीं बिशपचा अधिकार नको म्हणून इंग्लंड सोडून अटलांटिक ओलांडला होता, त्यांच्या हातून स्थापलेल्या मंडळ्या साडेतीनशें वर्षांनीं महाराष्ट्रांत बिशपच्या छत्राखालीं आल्या.