पूर्वेकडील खिडकी

आपल्या शाळेच्या प्रार्थनागृहातील पूर्वेकडील खिडकीची काच मी फोडली होती. तेव्हा मी नववीत होतो. शिक्षा मात्र शेजारच्या खाटेवरील मित्राला झाली, कारण चेंडू त्याचा होता. काचेची भरपाईही त्याच्याच घरून आली. त्या सायंकाळी पंचशील ग्रहण करताना चौथ्या शीलापाशी माझा आवाज उमटला नाही. पुढेही मी कधी बोललो नाही.

सेवानिवृत्तीनंतर एकदा मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाण्याचा योग आला. राजाबाई मनोऱ्याची ही वास्तू १८७८ साली पूर्ण झाली. तेथील रंगीत काचांतून आत येणारे ऊन पाहताना ती खिडकी आठवली आणि ही कला शिकावी असे मनाने घेतले.

काच कापली जात नाही, हा पहिला धडा. कटरच्या चाकाने तिच्यावर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकच रेघ ओढायची आणि पकडीने त्या रेघेवर ती दुभंगू द्यायची. त्याच रेघेवरून पुन्हा चाक फिरवले, तर चाक बोथट होते आणि काच भलतीकडे तडकते. माझे पहिले सारे तुकडे असेच वाया गेले.

मी पिंपळपानाचे चित्र निवडले होते. देठापाशी पान आत वळते. तेवढी खोल खाच एका सलग काचेत निघत नाही, ती कोपऱ्यातून फुटते. म्हणून चित्रच बदलावे लागते. पान मधल्या शिरेवर दुभागले आणि पार्श्वभूमीचेही भाग पाडले. जोडाच्या रेषाच मग पानाच्या शिरा झाल्या. प्रत्येक तुकडा कागदी नमुन्याबरहुकूम घासायचा, कडेला तांब्याची चिकटपट्टी गुंडाळायची, फ्लक्स लावायचा आणि कथील व शिसे यांच्या डाखाने सांधायचा. शिसे विषारी असल्याने खिडक्या उघड्या ठेवाव्या लागतात, त्या मेजावर काही खायचे नसते, उठताना हात साबणाने धुवावे लागतात. काच फोडताना डोळ्यांवर चष्मा हवाच.

पान पूर्ण झाल्यावर मित्राला दूरध्वनी केला आणि सारे सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “त्या काचेच्या पैशांसाठी आईने दुसऱ्याच्या रानात जादा खुरपणी केली होती. मला सांगू नकोस. तिला सांग.”

मी त्याच्या गावी गेलो. आई ओट्यावर बसल्या होत्या. मी त्यांच्या पायाशी बसून सांगितले. त्या म्हणाल्या, “माझं पोर ओरडून सांगत होतं, मी फोडली नाही म्हणून. मी त्याला मारलं होतं रे.” त्यांनी मला दोष दिला नाही, क्षमा केली असेही म्हटले नाही. मित्राला जवळ बोलावून त्याच्या पिकल्या डोक्यावरून त्या हात फिरवत राहिल्या.

ते पिंपळपान मी शाळेला अर्पण करीत आहे. पूर्वेकडील खिडकीत ते बसवावे, अशी विनंती आहे. त्यावर माझे नाव नको. वसतिगृहातील मुलांना एवढेच सांगावे, की काच फुटली तर त्याच दिवशी सांगा.

सविनय जय भीम.